तुळसाबाईंकडचे पाव्हणे

दवाखान्यात नोकरी केलेल्या बाईला गप्पांत औषधं आठवत नाहीत, माणसं आठवतात. दुष्काळाच्या सालात बेलापूरजवळच्या एका लहान दवाखान्यात मी सिस्टर होते, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत ड्युटी. तिथले किस्से इतके साठलेत, की एक काढला की दुसरा आपोआप निघतो.

*

गेणूबाबा जन्मभर बैलांची दलाली केलेले. आता काही लक्षात राहत नसे. पाटोळे डॉक्टर रोज विचारायचे, "बाबा, आज वार कोणता?"

"बाजाराचा!"

"आज बाजार नाही, बाबा."

"आसं कसं? एवढी मान्सं जमल्याती!" मग खोलीभर नजर फिरवून हळूच म्हणाले, "बैल मातर एक बी दिसंना. सारं इकून टाकलं व्हय?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

*

तुळसाबाई आल्या त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या. गाव, मुलं, सगळं विसरलेल्या. जेवण बंद, डोळ्यांना सतत पाणी.

मुलगा म्हणाला, "डोकंच गेलंय, डॉक्टर. वयच झालं. तिला काय कळतंय?"

एरवी शांत असणारे डॉक्टर खुर्चीतून उठले. "विसरणं मला थांबवता येणार नाही. पण हे रडणं म्हातारपण नव्हे, वेगळा आजार आहे. त्यावर इलाज आहे!"

गोळी सुरू झाली आणि बाई जास्तच गोंधळल्या, एकदा पडल्याही. डॉक्टरांनी डोस निम्मा केला नि मला म्हणाले, "सिस्टर, उरलेला डोस तुमच्याकडं."

"कसला?"

"त्यांना काम द्या!"

*

मी परात आणि रेशनवर मिळणाऱ्या मिलोचं, म्हणजे परदेशी लाल ज्वारीचं, पीठ पुढं ठेवायला लागले. बरेच दिवस नुसत्या बघायच्या. एका सकाळी बोट लावून म्हणाल्या, "हे मान्सांना खाऊ घालता?"

आणि तावातावानं मळायलाच बसल्या! भाकरी थापली, मोडली, पुन्हा थापली. भाजून अर्धी स्वतः खाल्ली. उरलेली अर्धी डॉक्टरांनी खाल्ली.

"इतकी वाईट भाकरी जन्मात खाल्ली नव्हती," पाणी पीत ते म्हणाले. "रोज करायला सांगा!"

*

तुळसाबाईंचे मालक राणूबाबा रोज गावाहून चालत यायचे. बाई त्यांना ओळखत नसत. "या पाव्हनं, बसा," म्हणायच्या.

"सिस्टर, सारा जन्म 'अवं, ऐकलं का' म्हनली," राणूबाबा मला म्हणाले. "एवढा मान कवा दिला न्हाई!" हसले, आणि उपरण्यानं डोळे पुसले.

एकदा बाईंनी विचारलं, "पाव्हनं, घरी मालकीण हाय का?"

"हाय. आजारी हाय."

"मंग हितं काय बसलाय? तिच्यापाशी जावा की!"

राणूबाबा पिशवीतून शेंगा काढून त्यांच्यासाठी सोलत बसले.

*

हळूहळू तुळसाबाईंचं रडणं थांबलं. वेणी घालून घ्यायला लागल्या, गेणूबाबांशी भांडायलाही लागल्या. विसरणं तेवढं तसंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या."

राणूबाबा शेजाऱ्याची गाडी घेऊन आले. "तुळसे, चल घरी."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "पाव्हनं, तुमी मानूस चांगले. पन मालकाला इचारल्याबिगर मी कशी येऊ?"

राणूबाबा बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं. लिंबाखाली उभे राहिले, फेटा सोडला, पुन्हा बांधला, आणि आत आले.

"इचारलं."

"काय म्हनाले?"

"घेऊन या म्हनाले. लई दिस वाट बघतोय म्हनाले."

तुळसाबाई गाठोडं काखेत मारून उठल्या. दारापाशी थांबून डोक्यावर पदर घेतला. "रागावलं न्हाईत ना?"

"न्हाई," राणूबाबा म्हणाले. "रडत हुते."

"आगं बाई! मंग बिगीनं चला की, पाव्हनं!" म्हणत तुळसाबाई त्यांच्या पुढं चालायला लागल्या.