दुसरी वेलांटी

शाळेत त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, ही गोष्ट वेगळी. पहिली वेलांटी कुठं, दुसरी कुठं, यावरून त्यांनी भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणले होते. सूचनाफलकावरची चूकसुद्धा त्या आधी खडूनं सुधारत आणि मगच चहाला जात.

नववीच्या पुस्तकात एका कवयित्रीची प्रेमकविता होती. 'मी दार उघडं ठेवून बसले, तू अंधार पडल्यावर आलीस.' आता प्रेम म्हटल्यावर 'आलीस' कसं? शाळेनं यावर झकास तोडगा काढला होता, छपाईची चूक! दरवर्षी वेलांटी खोडून काना द्यायचा, 'आलास' करायचं, की कविता सरळ मार्गाला लागली.

यंदा नववी बाईंकडे आली. मागच्या बाकावरच्या मुलीकडे थोरल्या बहिणीचं पुस्तक होतं, त्यात पेनानं काना दिलेला. तिनं विचारलं, "बाई, ही छपाईची चूक आहे ना?"

"मी चूक कधी सोडते का गं?"

"नाही बाई."

"मग ही सोडतेय, कारण ती चूक नाहीच. वाट बघणारी बाई आहे, आणि जिची वाट बघतेय तीही बाईच. तिचं तिच्यावर प्रेम आहे."

वर्गात खसखस पिकली. बाईंनी ती पिकू दिली आणि म्हणाल्या, "झालं हसून? आता सांगा, दार उघडं का ठेवलंय?"

तास संपला तरी ती मुलगी जागची हलली नाही. बाई पुस्तकं आवरत होत्या, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "म्हणजे अशी असली, तरी ती चूक नसते?"

प्रश्न कवितेबद्दलचा नव्हता, हे बाईंना लगेच कळलं. "नसते," त्या म्हणाल्या.

आठवडाभरात पालकांची तक्रार आली. मुख्याध्यापक माणूस म्हणून वाईट नव्हते, पण तक्रारीच्या नुसत्या नावानं त्यांना घाम फुटे. "बाई, एका वेलांटीचा तर प्रश्न आहे. उद्या वर्गात सांगून टाका, छपाईची चूक होती म्हणून. नाहीतर नववी काढून घ्यावी लागेल मला."

बाईंना नववी जिवापाड आवडे. पण डोळ्यांपुढं तो मागचा बाक आला.

"सर, चुकलेल्या वेलांट्या सुधारण्यात माझा जन्म गेला. बरोबर असलेली पुसायला लावू नका. मला नाही जमणार."

नववी गेली. त्यांच्या वाट्याला पाचवीचं शुद्धलेखन आलं. घरी येऊन त्या रडल्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर पाचवीत हजर झाल्या. अशी बाई प्रत्येक शाळेला मिळो!

काही दिवसांनी मधल्या सुट्टीत ती मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. नव्या सरांनी पुन्हा काना द्यायला लावला होता.

"मी नाही दिला," ती म्हणाली. "ताईचापण खोडून काढला. बघा ना."

खोडता खोडता कागद विरला होता, आणि त्यावर तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'आलिस'.

बाईंचे डोळे भरून आले. तरी हात सवयीनं लाल पेनाकडे गेलाच.

"पहिली नव्हे गं, दुसरी वेलांटी," त्या म्हणाल्या आणि पेन तिच्याच हातात दिलं. "दे. आणि चांगली लांब दे."