गुरुवारी आलेला काका

ही गोष्ट मी माझ्या कमललासुद्धा सांगितली नाही. एका घरात म्हातारे झालो, एकमेकांची औषधं एका डब्यात ठेवली, पण ही नाही सांगितली. ती गेली. आता शालिककाकाही गेला. ज्यांनी माझी मान धरायची ते कोणी उरले नाहीत, म्हणून आज तोंड उघडतो आहे. हाही भेकडपणाच, नाही का?

शालिककाका माझ्या बापाचा धाकटा भाऊ. माझ्याहून थोडाच मोठा, त्यामुळे आमचं अरे-तुरेच चालायचं. इतवारीत टेम्पो चालवायचा. गल्लीत हातगाड्या अडकलेल्या, मागून शिव्या, आणि हा मधोमध टेम्पो थांबवून हवालदाराची नक्कल करणार. शिव्या देणारेच हसत गाड्या मागे घ्यायचे. एका वर्षी तान्ह्या पोळ्याला माझ्या रेखाचा लाकडी बैल फुटला. पोरगी रडायला लागली. तर हा माणूस गळ्यात घुंगरू बांधून, हातापायांवर रांगत, गल्लीभर तिचा बैल झाला. गुडघे सोलून निघाले. रेखा पाठीवर बसून हुर्र करत होती.

आणि डोकं कसं! कोणाच्या लग्नात कोण रुसलं, कोणता व्याही पंगतीत काय बोलला — सगळं पाठ, शब्द न शब्द. नक्कल करायची तर डोकं लागतं हो. शेत नव्हतं, घर साधं होतं. डोकं हीच त्याची मिरास.

रेखाचं लग्न ठरलं. सोयरे सदर भागातले, मोठ्या दुकानाचे. मी भांड्यांच्या दुकानात तराजू धरणारा नोकर — आधीच दबलेला. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सगळ्यांसमोर काकाने व्याह्यांची नक्कल केली. त्यांचं ते बोटाने चष्मा वर सारणं, बोलायच्या आधी खाकरणं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. व्याही हसले नाहीत. निदान मला तसं वाटलं.

मग मी काय केलं... थांबा, सांगतो.

मी सरळ म्हणू शकलो असतो — काका, लग्नात गप बस. एवढंच. बसला नसता का तो? रेखासाठी नक्की बसला असता. पण मला त्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे त्याला सांगायचीही लाज वाटत होती. मग माणूस काय करतो?

मी हुडकेश्वरला काकाच्या घरी गेलो. तेव्हा तिकडे निम्मी शेतंच होती. काकू वारलेली, मुलगा रायपूरला नोकरीत, काका एकटाच राहायचा. फोनबिन काही नाही. त्याच्या हातावर अक्षत ठेवली. पत्रिका माझ्या खिशात होती, ती काढलीच नाही. म्हटलं, "घरच्या मानसाले पत्रिका कायची?" केवढा खूश झाला! मग म्हटलं, "हळद पोरीच्या मामाकडे हाय. तू दगदग करू नको. सीधा लग्नालेच ये हॉलवर, गुरुवारी."

लग्न बुधवारी होतं.

बुधवारी कमल सारखी विचारत होती, "काकाजी काहून नाही आले?" म्हटलं, "विसरला असन. वय झालं आता." मग खुद्द व्याह्यांनी विचारलं, तुमचे ते काका कुठे आहेत हो? आमच्या घरी पोरं अजून माझी नक्कल करतात, म्हणाले, आणि चष्मा वर सारून मोकळे हसले. मोकळे! त्यांनाही मी तेच सांगितलं — विसरले असतील.

गुरुवारी काका आला. आधी हॉलवर गेला होता. तिथे मंडपवाले कापड सोडत होते. तिथून घरी. अंगात नवा सदरा, गुलाबी फेटा काढून काखेत धरलेला. दारातच उभा राहिला.

"गुरुवार म्हनलं होतं ना गा तू?"

आता तरी बोलायचं होतं ना मी? पण कमल बाजूला उभी होती. मी त्याच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "बुधवार म्हनलं होतं काका. दोनदा म्हनलं."

ते 'दोनदा' मी काहून घातलं? अजून कळत नाही.

त्याने बोटांवर वार मोजून पाहिले. मग फाडकन आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. "सडलं डोस्कं शालिकचं! वं सूनबाई, बुंदी उरली असन तं वाढ. माही वरात एकट्याचीच निघाली!" कमल रडता रडता हसली. त्याने बुंदी खाल्ली. मीही त्याच्यासोबत बसून खाल्ली.

पुढे ही फजिती तो स्वतःच रंगवून सांगायचा. लोक हसायचे. पण मग जो भेटेल त्याला विचारायला लागला — आज वार कोणता? नक्कल करता करता मध्येच थांबायचा. शब्द बरोबर असायचा, पण त्याला खात्री वाटायची नाही. हळूहळू नकला बंद झाल्या. मुलगा बदली होऊन परत आला, त्याने लग्नाचं ऐकलं आणि टेम्पोची किल्ली मागून घेतली — बाबा, तुम्ही रस्ता विसराल. काकाने मुकाट्याने दिली. मी तिथेच बसलो होतो. चहा पीत.

कमल गेली तेव्हा तेरवीच्या आदल्या दिवशीच तो येऊन ओट्यावर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. मी म्हटलं, काका, तेरवी उद्या आहे. तर म्हणाला, "मालूम हाय. पन माह्यावर माहाच भरोसा नाही ना गा. सुनेची तेरवी चुकली तं?"

मी त्याला आत नेलं. अंथरूण घातलं. पाय चेपून दिले. पाय चेपले, पण सांगितलं नाही.

या हिवाळ्यात त्याने अंथरूण धरलं. एका दुपारी भेटायला गेलो. मुलगा औषध आणायला गेला होता, घरात आम्ही दोघेच. सांगायचं ठरवूनच गेलो होतो मी. ऑटोत बसून वाक्य जुळवत गेलो होतो. पण आधी त्यानेच माझा हात धरला.

"एक गोष्ट राहून गेली गा. रेखाच्या लग्नाले मी नाही आलो. पोरीच्या पाठीवर हात फिरवाचा राहिला. माफ करजो मले."

जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. गिळलं. त्याच्या हातावर थोपटलं आणि म्हटलं, "जाऊ दे काका. केलं माफ."

त्याला बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं मला.

"बहुत मोठ्या मनाचा हायस गा तू," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात तो गेला.