शांततेची पाच मिनिटं

एकोणीस वर्षं मी सतार शिकले आणि एकदाही ओरडा खाल्ला नाही. हे मी लोकांना अभिमानानं सांगत असे. ऑफिसात, लग्नाकार्यात, एकदा तर दाताच्या डॉक्टरलासुद्धा, तोंडात कापूस असताना.

बाईंचा ओरडा प्रसिद्ध होता म्हणून हे सांगण्यासारखं वाटायचं. गिरगावातल्या एका आतल्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. शिकवणी चालू असली की त्यांचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत यायचा. ‘कान घरी ठेवून आलीस का गं?’ हे त्यांचं सौम्यातलं सौम्य वाक्य. लालबागची एक मुलगी माझ्या आधीच्या तासाला असायची. ती बऱ्याचदा डोळे पुसत बाहेर पडायची. जिन्यात थांबून मी तिची समजूत घालायचे, ‘मनावर नको घेऊस, बाई मनाच्या चांगल्या आहेत.’ आणि खरं सांगायचं तर तिच्या पाठीवर हात ठेवताना मला आतून बरं वाटायचं. मी आत गेले की चहा यायचा. मी वाजवायचे, बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, ‘छान.’

गेल्या वर्षी मी धाडस केलं. दादरच्या एका मंडळाच्या सभेत नवोदितांना वीस मिनिटं देतात. बावन्नाव्या वर्षी नवोदित म्हणवून घेताना हसू आलं, पण वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. आधी रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. मी बाईंना विचारलं, ‘पाठवू का?’ त्या म्हणाल्या, ‘पाठव की.’ त्या दिवशी मी चर्नी रोडपर्यंत जवळजवळ उडतच गेले.

फोनवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं तर तरफांची, म्हणजे खालच्या झंकारणाऱ्या तारांची, आस गायब आणि नखीचा टकटकाट तेवढा शिल्लक. आमच्या ऑफिसात माझ्याच बॅचचा एकजण आहे. परळला राहतो, घरी गिटार वाजवतो आणि रेकॉर्डही करतो. त्याला ऐकवलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, ‘फोनवर काय करतेस यार? छोटा कंडेन्सर माइक घे. मार्करपेनाएवढा असतो, तारेचं बारीकसारीक सगळं पकडतो. पण बघून घे हां, दुकानदार काय, काहीपण गळ्यात मारेल.’

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःकडचे दोन माइक, रेकॉर्डर आणि हेडफोन पिशवीत घालून आणून दिले. एक माइक स्वस्तातला, एक बरा. ‘दोन्ही एकाच स्टँडवर शेजारी शेजारी लाव. तारा टेकतात त्या घोडीच्या अगदी समोर नको, कर्कश येईल. दांडी भोपळ्याला मिळते ना, तिथे दीड वीत लांब. आणि एक कर. वाजवल्यावर सगळेच माइक छान वाटतात. म्हणून आधी शांतता रेकॉर्ड कर, पाच मिनिटं. मग व्हॉल्यूम चढवून ऐक. जो माइक स्वतःच सूं-सूं करतो तो कटाप.’

शांततेवरून माइक निवडायचा, ही कल्पना मला फारच आवडली. पण भोईवाड्यातल्या आमच्या घरात पाच मिनिटं शांतता म्हणजे चेष्टाच. गाद्या उभ्या करून, गोधड्या टांगून पाहिल्या. शेजारच्यांचा मिक्सर, लिफ्टचं दार, खिडकीतली कबुतरं, सगळे हजर. बाईंची आतली खोली मागच्या बाजूला आहे, तिथे रस्ता ऐकू येत नाही. शिवाय निवड करायची तर कान बाईंचाच हवा. म्हणून पुढच्या शनिवारी पिशवी घेऊन मी गिरगावात.

बाईंची धाकटी बहीण वडाळ्याहून आली होती. दोघींनी माझा तो पसारा बघून पदर तोंडाला लावला. मी पंखा बंद केला, ट्यूबलाइट घालवली आणि दोघींना स्वयंपाकघरात बसायला सांगितलं.

‘म्हणजे आम्ही बोलायचंसुद्धा नाही?’ बाई म्हणाल्या.

‘हळू बोललात तर चालेल. दार लोटून घेते, आतलं नाही यायचं,’ मी म्हणाले. हे शब्द माझे. मीच त्यांना परवानगी दिली होती, हे मी अजून विसरलेले नाही.

रेकॉर्डर चालू करून मी बाईंची औषधं आणायला खाली केमिस्टकडे गेले, म्हणजे माझ्या पायांचाही आवाज नको. परत आल्यावर दहा मिनिटं यमन वाजवला. बाई म्हणाल्या, ‘छान. दोन्ही माइक चांगले असतील बाई, मला काय कळतंय त्यातलं.’

रविवारी जेवणं झाल्यावर घरातले पांगले. मी हेडफोन लावून बसले. आधी स्वस्तातल्या माइकची शांतता. व्हॉल्यूम चढवला तर कढईत पाणी टाकल्यासारखी चरचर. त्या चरचरीखाली काहीतरी पुटपुटणं होतं. मला वाटलं, कबुतरं इथेही आली वाटतं. मग दुसरा माइक लावला. चरचर जवळजवळ नाहीच. खूप खाली, पण लख्ख, बाईंच्या बहिणीचा आवाज आला.

‘रेकॉर्डिंग पाठवतेय म्हणे. आणि तू हो म्हणालीस?’

‘मग काय सांगू?’ हा बाईंचा. ‘मींड पोचत नाही तिची. पहिल्या वर्षी पोचत नव्हती, आजही पोचत नाही. हातात नाहीच काही.’

‘मग सांगायचं की तसं.’

‘सांगितलं असतं तर टिकली असती का? गुणी आहे गं. औषधं आणते, डॉक्टरकडे नेते, सणावाराला डबा आणते. ओरडायचं ते ज्यांच्यात काही आहे त्यांना. हिला कशाला दुखवायचं?’

मग एक भांडं ठेवल्याचा आवाज. मग केमिस्टकडून आलेली मी आणि माझा उत्साही आवाज, ‘झालं हं, आता बोला मोठ्यानं!’

मी ते पुन्हा ऐकलं. किती वेळा ते सांगत नाही. मग यमन लावला. सतारीवर तार पडद्यावरच बाजूला ओढून सूर वर न्यायचा, ती मींड. मी फोनवर सूर मोजायचं ॲप उघडून समोर ठेवलं. प्रत्येक मींडेला काटा वर चढायचा आणि मध्यरेषेच्या जरा अलीकडे थांबायचा. प्रत्येक. जरासाच, पण थांबायचा. आणि मला ते नुसत्या कानालाही ऐकू येत होतं. इतकी वर्षं का आलं नाही? कारण ज्यांच्या कानावर माझा कान ठेवला होता, त्या ‘छान’ म्हणत होत्या.

मला राग आला. दुःख नंतर, आधी रागच. कुणी शिव्या दिल्या असत्या तर समजू शकले असते. इथे चहा पाजून केसानं गळा कापला होता. ज्या गोष्टीचा मी गावभर डांगोरा पिटला, ती माझी बक्षिसी नव्हतीच. मला शिष्यांच्या यादीतून केव्हाच काढलं होतं आणि मी त्यालाच मान समजत होते. लालबागची ती मुलगी आता मोठ्या सभांमधून वाजवते. तिच्या रडण्याचा मला त्या दुपारी हेवा वाटला, आणि तसा हेवा वाटतो म्हणून स्वतःची लाजही वाटली.

मंडळाला मी काही पाठवलं नाही. माइक परत करताना मित्रानं विचारलं, ‘मग? कुठला घेतेस?’ मी म्हणाले, बरावाला. तो म्हणाला, ‘बोललो होतो ना, फरक कळतो.’ मी मान हलवली. रेकॉर्डर आणि हेडफोन आणखी आठवडाभर ठेवून घेतले.

शनिवारी गेले ती औषधं न घेता. बाई गादीवर बसल्या होत्या, बहीण ओट्याशी. मी सतार खोळीतून काढलीच नाही. म्हणाले, ‘बाई, माझी मींड पोचत नाही.’

‘कुणी सांगितलं तुला?’

‘तुम्ही.’

मी हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले आणि बटण दाबलं. ऐकताना त्यांचा चेहरा फारसा हलला नाही. हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले. पहिलं वाक्य म्हणाल्या ते असं, ‘केवढा म्हातारा झालाय गं माझा आवाज.’

मला वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी मागितली नाही. बहिणीनं ओट्यावरचा गॅस बंद केला आणि पाठमोरी तशीच उभी राहिली.

‘ओरडले असते तर तू गेली असतीस,’ बाई म्हणाल्या.

‘गेले असते,’ मी म्हणाले. ‘दुसरीकडे शिकले असते.’ माझा आवाज चिरका झाला. बाईंसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. ‘एकोणीस वर्षं तुम्हाला माणूस हवं होतं सोबतीला. मला ते सांगितलं असतं तरी मी आले असते. औषधं आणली असती. पण मला शिकायचं होतं हो, बाई.’

बाईंनी मांडीवरचे हेडफोन बाजूला ठेवले. म्हणाल्या, ‘सतार घे.’

घ्यायची नव्हती. तरी घेतली, का ते मला सांगता येणार नाही. त्यांनी ‘नि’च्या पडद्यावर मींड ओढायला सांगितली, तिथून वरच्या ‘सा’पर्यंत. मी ओढली, अलीकडे थांबले. ‘बोटानं ओढतेस,’ त्या कडाडल्या, त्या जिन्यात ऐकू येणाऱ्या आवाजात. ‘बोट काय करील? अंगठा मोकळा सोड. कोपरातून ओढ. परत. परत. अगं घाबरतेस काय, तार तुटली तर तुटली!’ त्या पुढे सरकल्या, माझं कोपर धरलं आणि खाली खेचलं. मी ओढत होते, रडत होते, नाक पुसायला हात मोकळा नव्हता. सहाव्या की सातव्या खेपेला सूर वर गेला आणि ‘सा’वर जाऊन बसला. तरफा झणकारल्या. मी न थांबता पुन्हा ओढली. पुन्हा पोचली.

पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

बाईंनी माझं कोपर सोडलं. त्यांच्या चेहऱ्यावर निखळ आश्चर्य होतं. ‘अगं,’ त्या म्हणाल्या, ‘तुला येतंय की.’