मार्गदर्शनाखाली अभ्यास

बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय — ते विचारू नका, मलाच नीट कळत नाही.

वाईजवळच्या एका शाळेत मी गणित शिकवायचो. दहावीतल्या कच्च्या मुलांना शाळा सुटल्यावर दोन तास थांबवायचे आणि ते तास माझ्याकडे होते. मुलं पुस्तकं काढून गप बसत. मग मी तिथं कशाला हवा — असं वाटायला लागलं. मैदानातल्या कडुलिंबाखाली मोबाईल बघत बसायचो. शनिवारी रजिस्टरात आठवड्याच्या सह्या एकदम ठोकायच्या: मार्गदर्शनाखाली अभ्यास, दोन तास.

त्यातली अर्चना दोनदा वही घेऊन झाडाखाली आली होती. त्रिकोणमिती अडलेली. स्वतः कर की जरा, म्हणालो, तेच तर शिकायचंय. काय पण शहाणपणा माझा. तिसऱ्यांदा ती आलीच नाही.

दहावीला ती गणितात गेली. तिचे वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, तिला घेऊन सरळ शाळेत आले. मुख्याध्यापकांनी रजिस्टर पुढं केलं. फौजी माणूस — सही आहे म्हणजे ड्यूटी झाली. एकेका सहीवरून त्यांनी बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळले.

"सर, रोज बसत हुता न्हवं पोरांजवळ?"

अर्चना माझ्याकडे बघत होती. नुसतं नाही म्हणायचं होतं. किती अवघड असतं हो, एक नाही?

"बसायचो की," मी म्हणालो.

"मग हिच्यातच डोकं न्हाई."

पुरवणी परीक्षेचा फॉर्म त्यांनी भरू दिला नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मी संस्थेच्या सांगलीच्या शाळेत बदली मागून घेतली. पळालोच म्हणा.

परवा शिरवळला एसटीत चढलो, गाडी भरलेली. कंपनीच्या गणवेशातली एक बाई उठली आणि मला जागा दिली. अर्चना. शेजारणीला सांगत होती, "आमचं गणिताचं सर. लय चांगलं. माज्याच डोक्यात काय शिरायचं न्हाई."

टोमणा असता तर बरं झालं असतं — नव्हता. माझी रिकामी खुर्ची तिनं रोज पाहिलेली, तरी ती तसंच मानते. अजूनही. गाडीत तरी बोलायचं ना मी?

तिच्या जागेवर मी बसलो. अख्खा खंबाटकी घाट ती उभी होती.