दोन अध्यक्ष, एक किल्ली

जळगावहून धुळ्याला जाताना बसमध्ये शेजारचे आबा खिशातली किल्ली सारखी चाचपत होते. न राहवून मी विचारलंच. किल्ली एका ज्योतिष मंडळाच्या खोलीची, आबा तिथले पहिले शिपाई. मंडळ निघालं तेव्हा दोन ज्योतिष्यांना अध्यक्ष व्हायचं होतं. प्रत्येकानं स्वतःच्या पत्रिकेला धार्जिणा मुहूर्त काढला. एकाच दिवशी दोनदा निवडणूक झाली आणि अध्यक्षही दोन झाले! किल्ली मात्र दुसऱ्याकडे जाऊ द्यायला दोघंही तयार नव्हते.

“मग तुमच्यावर कसा विश्वास बसला?”

आबा मिशीत हसले. “मनी जन्मयेळच कोनले माहीत नई, भाऊ. पत्रिकाच नई शे, मंग मन्हा राजयोग त्यासले कसा सापडी?”

आणि त्यांनी खिशावरून पुन्हा हात फिरवला.