कापसाचा न वाचलेला उतारा

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सुनेला यवतमाळच्या एका शिकवणीवर्गात प्रवेश देण्यात आला. त्यास जबाबदार वर्गाचे संचालक. दसऱ्यानंतरच्या सोमवारी तिथल्या फळ्यावर एक युक्ती लिहिली गेली. त्यास जबाबदार इंग्रजीचे शिक्षक. होळीआधीच्या रविवारी परीक्षा झाली. त्या दिवसाची जबाबदारी मात्र हे दोघेही माझ्या सुनेवर टाकतात, आणि माझी हरकत तिथेच आहे.

परीक्षा कृषी-अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाची होती. तिच्यात इंग्रजी उताऱ्यांचा स्वतंत्र भाग असतो. त्यात नापास झालेल्याचे बाकीचे गुण कोणी पाहत नाही. आम्ही घरच्यांनी हे एक वर्ष तिच्यासाठी मोकळं केलं होतं. पुढच्या वर्षी मुलाची बदली ठरलेली, नातवाची शाळा सुरू होणार. व्हायचं तर यंदाच, हे तिलाही माहीत होतं.

साक्षीदारांचे जबाब टंकलिखित करण्यात माझी दिवाणी न्यायालयातली सारी नोकरी गेली. कळंबच्या स्टँडवर तिची बस येईपर्यंत मी तिच्याकडून उतारे वाचून घेत असे. माझा नियम एकच होता: कागदावर आहे तेवढंच खरं. साक्षीदार जे बोलला नाही, ते न्यायाधीशांना घरून ठाऊक असलं तरी निकालात येत नाही.

ती वैतागायची. "बाबा, तुम्ही मले परीक्षेले बसवून राह्यले का पिंजऱ्यात उभं करून राह्यले?"

"पिंजऱ्यातच आहेस. कोणत्या ओळीवरून म्हणतेस, ती ओळ दाखव."

दसऱ्यानंतर ती ओळ दाखवेनाशी झाली. विचारलं तेव्हा म्हणाली, "सर म्हणतात, ओळखीचा विषय आला तं उतारा वाचूच नका. सीधं उत्तर लिहा. टाइम वाचते."

मी त्याच आठवड्यात संचालकांना लेखी हरकत पाठवली. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र पाठवलं, ते शिक्षकांनी भर वर्गात वाचून दाखवलं आणि मुलं हसली. त्या संध्याकाळी सून माझ्यावरच चिडली. "कायले लिहिता बाबा? तिथं मले बसा लागते." तिचं म्हणणं रास्त होतं. मी परीक्षेपर्यंत लेखणी बंद ठेवली.

परीक्षेत उतारा निघाला कापसाचा.

माझी सून कापूस पिकवणाऱ्या घरातली. तिची आई दरवर्षी पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करते, दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय बोंडाला हात लावू देत नाही. ही मुलगी वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधून त्याच पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या झाडांत, वाढलेली. तिने युक्ती पाळली. उतारा ओलांडून ती थेट प्रश्नांकडे गेली, आणि कापूस बोंडं फुटतील तसतसा, वेच्यामागून वेचा, हाताने वेचतात असं ठामपणे नोंदवून आली.

प्रश्नपत्रिका नंतर संकेतस्थळावर आली, तेव्हा आम्ही दोघांनी तो उतारा वाचला. तो परदेशातल्या शेतीचा होता. तिथे फवारणी करून पानं गाळतात आणि सगळं रान यंत्राने एकदाच गोळा करतात. प्रश्न सगळे त्यावरच होते. तिची उत्तरं आमच्या जिल्ह्यात बरोबर आणि त्या कागदावर चूक होती.

"मले वाटलं, कापूसच तं हाये," ती म्हणाली. "तो काय मले नवा हाये?" मग तिने पडद्यावर तो उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी ओळीवर बोट ठेवून. इंग्रजीचा भाग गेला, त्याबरोबर प्रवेशही गेला.

आम्ही दोघं त्या वर्गात गेलो. संचालकांनी चहा मागवला. सून समोर बसलेली असताना ते मला म्हणाले, "काकाजी, ट्रिक हुशार पोरांसाठी असते. सगळ्यांले नाही जमत." शिक्षकांनी मान डोलावली. बाहेर पडताना पाहिलं, नव्या तुकडीच्या फळ्यावर तीच युक्ती रंगीत खडूने लिहिलेली होती.

शुल्क परत करण्याची गोष्ट काढू नये. ते मी मागितलेलं नाही. माझी मागणी अशी की, संचालक आणि शिक्षक या दोघांनी त्या नव्या तुकडीसमोर, माझ्या सुनेच्या उपस्थितीत, उभं राहून सांगावं: न वाचलेल्या उताऱ्याचं उत्तर विद्यार्थ्याने कशाच्या आधारावर द्यायचं? आणि त्यांनीच शिकवलेलं तंतोतंत पाळून जी नापास झाली, तिला कमी हुशार ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला? हे उत्तर मला खासगीत, चहावर किंवा फोनवर दिल्यास ते मिळालं असं मी मानणार नाही.