पंचेवाले सर

आमच्या सरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप मी कधी पाहिला नाही. टेबलाशेजारी पाण्याची बादली आणि तीत भिजत पडलेला पंचा मात्र कायम. सर हाडांचे डॉक्टर, त्यातही हात आणि मनगटाचे. पेशंट आत आला की नमस्कार-चमत्कार राहिला बाजूला, आधी तो ओला पंचा त्याच्या हातात. "पिळा." एक्स-रे नंतर. "एक्स-रेला भांडी घासायची नसतात," म्हणायचे. कल्याणात त्यांचं नाव पडलं पंचेवाले सर, आणि त्यांना ते आवडायचं.

मी त्यांच्याकडे फिजिओथेरपिस्ट होते. डोंबिवलीची, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी म्हटलं, "अहो सर, पकड मोजायचं यंत्र आहे की आपल्याकडे!" "आहे ना. त्यानेही मोज. पण घरी गेल्यावर या बाई यंत्र दाबत बसणार आहेत का?" कपाळ माझं! मी बादली भरून आणली.

त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. साठी उलटलेल्या बायका मोरीत घसरतात, हात टेकतात आणि मनगट मोडून घेतात. ऑपरेशन करून प्लेट टाकायची, की प्लास्टरवर भागेल? प्लास्टरमध्ये हाड कधी कधी थोडं वाकडं जुळतं. पण वाकड्या मनगटाने बाई कणीक मळत असेल, तर तिला कापायचं कशाला? एवढं नक्की करायला सर सहा वर्षं राबले. नियम असा की वर्षाने प्रत्येकीचा हात तपासायचाच, आणि जी येणार नाही तिच्या घरी आपण जायचं. "न आलेली बरी झाली असं आपण धरून चालतो. सोयीचं असतं ते."

मग आमची वरात निघायची. टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत लिफ्ट बंद, चार मजले चढून सर धापा टाकत विचारायचे, "आजी, बादली कुठे आहे?" खाडीकाठच्या एका कोळीणबाईंनी तर पंचा बघूनच नाक मुरडलं. "ए डाक्टर, पंचा काय देतोस? कोलंबी दे, सोलून दाखवते." आणि अशी भराभर सोलली की सर बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्या फॉर्मवर 'कोलंबी' असा नवा रकाना! मी डोक्याला हात लावला.

आता माझं पाप सांगते. शहाडच्या एक आजी आल्या नव्हत्या. त्या आठवड्यात मला कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू. फोन केला. सून म्हणाली, "बऱ्या आहेत, सगळं करतात." मी फॉर्मवर 'उत्तम' लिहून मोकळी. सरांनी तो वाचला आणि विचारलं, "पंचा कोणासमोर पिळला?" माझी मान खाली. त्यांनी उठून रिक्षा बोलावली.

आजींनी उजवा हात पदराखाली घेतला होता. बोटं ताठरलेली, तळहात आखडलेला. त्यांनी पंचा धरला, पिळायला गेल्या, आणि दोन थेंब पडले. त्या रडायलाच लागल्या. "घरी कशाला सांगायचं हो डॉक्टर, आधीच सगळ्यांची धावपळ." सर त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. "आजी, प्लास्टरचा निर्णय माझा होता. चुकलं माझं," म्हणाले, आणि फॉर्मवर माझं 'उत्तम' खोडून स्वतः 'वाईट' लिहिलं. त्यांच्याच अभ्यासाच्या विरुद्ध जाणारा शब्द. परत येताना मला एवढंच म्हणाले, "'बरं आहे' हे माणूस समोरच्यासाठी म्हणतो गं. जाऊन बघावं लागतं." त्या दिवसापासून फॉर्मवर शेवटचा रकाना आला: 'कोणासमोर'. त्यानंतर मी एकही घर फोनवर उरकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सरांनी हॉस्पिटल सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले आणि ठाण्याला घरी बसले. आमचा शोधनिबंध तेवढा लिहायचा राहिला होता. पूर्वी पेनाने पानं लाल करणारे सर आता फोनवर दुरुस्त्या सांगायचे. मला वाटलं, वय झालं. प्रत्येक वेळी मी विचारायचे, "सर, कसे आहात?" "बरं आहे." "रविवारी येते हं." असे किती रविवार गेले! निबंध स्वीकारला गेला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "शहाडच्या आजी आहेत ना त्यात?" म्हटलं, "आहेत सर." "मग झालं."

पुढच्याच महिन्यात काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा फोन आला. सर गेले होते.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले ती अशी. काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं, स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. आधी उजवा हात गेला, म्हणून हॉस्पिटल सोडलं. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. शेवटी न्यूमोनियाचं निमित्त झालं. बाल्कनीत बादली होती, दोरीवर पंचा वाळत होता. काकूंनी आमचाच एक फॉर्म पुढे केला. वर सरांचं नाव. खाली डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं, महिन्यामागून महिना: 'पिळला', 'अर्धा', 'थोडं पाणी', 'नाही', 'नाही'. 'कोणासमोर' हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

"मी कितीदा म्हटलं, तिला बोलावून घेऊ," काकू म्हणाल्या. "तर म्हणायचे, बोलवायचं कशाला? ती आता फोनवर उरकत नाही. येईल."